न झालेल्या सभेचं प्रोसिडिंग

मार्चची अखेर होती. काकूंच्या ओट्यावर चिंचा फोडायचं काम चाललं होतं. बोटं चिकट झाली होती, वासानंच तोंडाला पाणी सुटत होतं आणि पाटीत चिंचोक्यांचा ढीग वाढत होता. तेवढ्यात आरोग्य केंद्रातला शिपाई गाडीवरून आला. काखेत लाल कापडी बांधणीचं जाड रजिस्टर. "काकू, तेवढी एक सही पाहिजे होती." काकूंनी हात धुतले, पदराला पुसले आणि त्यानं बोट ठेवलं त्या जागी एकेक अक्षर जोडत सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं. तो पाणी प्यायला, यंदाच्या उन्हाबद्दल दोन शब्द बोलला आणि निघाला. काकू हात धुवत होत्या तेव्हा रजिस्टर माझ्या शेजारीच उघडं पडलं होतं, त्यामुळे मला ते पान वाचता आलं. केंद्राच्या हातातला निधी कशावर खर्चायचा ते ठरवणाऱ्या रुग्ण कल्याण समितीची सभा, तारीख आदल्या आठवड्यातली, स्थळ वैद्यकीय अधिकाऱ्यांचं दालन. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. पुढे चार विषय, प्रत्येकाखाली 'सर्वानुमते मंजूर'. त्यातल्या एका ठरावाला अनुमोदक म्हणून काकूंचं नाव होतं.

"सभेत काय काय झालं काकू?" मी विचारलं.

"कुठली सभा?" त्यांनी मान वर न करता विचारलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "झाली असंल की. मला काय म्हाईत? ते बिचारं सहीला घरापतूर येतंय, एवढ्या उन्हाचं."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बचत गटाची प्रतिनिधी म्हणून समितीत नाव आलं याचा त्यांना अभिमान आहे. केंद्राच्या भिंतीवर समितीचा फलक रंगवला तेव्हा त्यांनी नातवाला नेऊन आपलं नाव दाखवलं होतं. त्या फलकाच्या अलीकडे-पलीकडे किती नवे फलक आले. आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असंही तिथं लिहिलेलं आहे. समितीची यादी मात्र जुन्याच रंगात, खाली-खाली पुसट होत गेलेली.

मला वाटलं, पैसे खाल्ले. आपल्याकडे पहिला विचार तोच येतो. पुढच्या खेपेला मी मुद्दाम केंद्रात जाऊन बघितलं. पानावर लिहिलेलं सगळं जागेवर होतं. प्रसूतीच्या खोलीतल्या इन्व्हर्टरला नव्या बॅटऱ्या बसल्या होत्या, पाण्याची टाकी दुरुस्त झाली होती, खिडक्यांच्या फुटक्या काचा बदलल्या होत्या. डॉक्टर तरुण, सरकारी सेवेच्या बाँडवर आलेले, डोळ्यांखाली काळं. मी काही आरोप केला नाही, फक्त विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं. निधी खात्यावर यायलाच मार्च उजाडला होता. एकतीस तारखेच्या आत खर्च दाखवला नाही तर तो परत जातो आणि पुढच्या वर्षी 'तुमचाच अखर्चित आहे' म्हणून कमी मिळतो. ठरावाशिवाय खर्च केला तर ऑडिटला आक्षेप. पंधरा जणांना एका दिवशी गोळा करायचं तर लग्नसराई, शेतातली कामं, कुणी पुण्याला, कुणी मुंबईला. "मॅडम, बॅटरी नसती आणि रात्री बाळंतपण मोबाइलच्या उजेडात करावं लागलं असतं, तर कोण आलं असतं विचारायला?" त्यांच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काहीच चोरीला गेलं नव्हतं, आणि तरी माझा राग जात नव्हता.

या रागाचं मूळ शोधताना मला आठवली ती आमच्या जुन्या घराची पुढची भिंत. लहानपणी मलेरियावाले यायचे. खाकी कपडे, खांद्याला पिशवी, पिशवीत काचपट्ट्या आणि सुई. ताप आलेल्या पोराचं बोट टोचायचे, काचेवर रक्ताचा ठिपका घ्यायचे. फवारणीच्या वेळी घरभर तो उग्र, घशात बसणारा वास असायचा, भांडी अंगणात काढलेली असायची, आणि आजी दिवसभर चिडलेली. पण मला आठवतो तो दारालगत भिंतीवर छापलेला चौकट-चौकटींचा तक्ता. कर्मचारी आला की त्या दिवशीच्या चौकोनात तारीख घालायचा आणि सही करायचा. पंधरा दिवसांनी पुन्हा. आमचे आजोबा फार शिकलेले नव्हते, पण ती भिंत ते वर्तमानपत्रासारखी वाचायचे. एकदा एक चौकोन रिकामा राहिला, तर पुढच्या वेळी त्या माणसाला त्यांनी ओट्यावर बसवून, चहा पाजून विचारलं, "मागल्या पाळीला कुठं होता?" तो ओशाळून म्हणाला, बायको आजारी होती. आजोबा म्हणाले, मग तसं लिही तिथं. त्याच्या कामाचं रजिस्टर आमच्या भिंतीवर होतं. ते बघायला कुणाची परवानगी लागत नव्हती. त्याच्या वरचा तपासनीसही तीच भिंत बघायचा आणि आम्हीही तीच बघायचो.

काकूंनी सही केलेलं रजिस्टर कपाटात असतं. त्यात त्यांच्या नावावर काय लिहिलंय ते त्यांनी कधी वाचलेलं नाही.

आपल्या राज्यात प्राथमिक आरोग्य केंद्र कुणाच्या हाती द्यायचं हा निर्णय जाणीवपूर्वक झालेला आहे. वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. दवाखाने, केंद्रं, उपकेंद्रं त्यांच्याकडे आली. म्हणजे तुमचा दवाखाना नीट चालत नसेल तर तुम्ही मत देऊन निवडलेल्या माणसाला गाठा, तो जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीत विषय काढील, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागेल. त्याच्याही आधी, स्वातंत्र्यापूर्वी, देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडणाऱ्या १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात गावोगाव पाच ते सात जणांची आरोग्य समिती असावी असं सुचवलेलं आहे. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीनं अकराव्या परिशिष्टात प्राथमिक आरोग्य केंद्रं पंचायतींच्या विषयांत घातली. कागदावर गावाला बोलायची जागा वारंवार करून दिलेली आहे, हे मला पुन्हा पुन्हा जाणवतं. ही जागा कुणी हिसकावून घेतली नाही, तिच्यात बसायची सवय मोडली.

रुग्ण कल्याण समितीची कल्पनाही मुळात अशाच एका तातडीतून आली. १९९४ साली सुरतेत प्लेगची भीती पसरली तेव्हा इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट होता. रुग्णालय रिकामं करून साफ करावं लागलं, आणि त्यासाठी शहरातले लोक पुढे आले, वर्गणी निघाली. त्यातून मध्य प्रदेशात अशा समित्या सुरू झाल्या. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि ती रचना देशभर खाली प्राथमिक केंद्रापर्यंत पोचली. त्या वेळच्या रचनेत केंद्राच्या समितीला वर्षाला १ लाख, किरकोळ देखभालीला ५० हजार आणि २५ हजार अबंधित, म्हणजे कशावर खर्च करायचे ते तिथल्यांनीच ठरवायचे. गावपातळीच्या आरोग्य, पाणी, पोषण, स्वच्छता समितीला १० हजार. ज्या केंद्रावर साधारण तीस हजार, डोंगरी-आदिवासी भागात वीस हजार माणसं अवलंबून आहेत त्याच्या मानानं ही रक्कम लहान आहे. पण सरकारी पैशात 'कशावर' हे वरून ठरून न येणारा एवढाच तुकडा असतो. बाकी सगळं लेखाशीर्षात, म्हणजे आधीच ठरलेल्या खर्चाच्या खात्यांत, बांधलेलं. म्हणून त्या अबंधित पैशाचा ठराव घरोघर सह्या फिरवून होतो तेव्हा मला जास्त लागतं. निवड करायची संधी वर्षातून एकदाच येते आणि तीसुद्धा कारकुनी कामात निघून जाते.

एखाद्या केंद्राचा मालक कोण असं विचारलं तर एका दमात सांगता येत नाही. वैद्यकीय अधिकारी राज्याच्या आरोग्य सेवेतला, त्याची बदली मंत्रालयाकडून. नर्सबाई आणि आरोग्य सेवक जिल्हा परिषदेचे. समुदाय आरोग्य अधिकारी अभियानातून, कंत्राटावर. आशाताईंना कामागणिक मोबदला, आणि तो थकला की त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी उन्हात बसावं लागतं. औषधांची खरेदी २०१७ पासून हाफकिन या सरकारी महामंडळाकडे गेली, २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण झालं. १०८ ची गाडी ठेकेदार चालवतो. इमारतीचं छत गळलं तर बांधकाम विभाग. डॉक्टर सगळ्यांना पत्रं लिहीत असतात. ओपीडी संपल्यावर दुपारी त्यांच्या टेबलावर मी बघितलं, तर केसपेपरांपेक्षा अहवालांचे कागद जास्त होते.

आमच्या घरात ही विभागणी एका पावसाळ्यात अंगावर आली. चुलत भावाच्या बायकोला कळा सुरू झाल्या. केंद्रात नेलं. सिस्टरनं तपासलं, बाळ आडवं होतं, तिनं वेळ न घालवता पुढं पाठवलं. तिथपर्यंत सगळं ठीक. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात भूल देणारे डॉक्टर नव्हते, तिथून जिल्ह्याला. घाटात दरड, गाडी थांबलेली, पावसाचा टपावरचा आवाज आणि वहिनीचा हात माझ्या हातात. तिची नखं रुतली होती तिथं आठवडाभर वण होते. आई आणि बाळ दोघं सुखरूप परतले. पण भाऊ पेटला होता. तो आधी केंद्रात गेला. ते म्हणाले, आम्ही वेळेत पाठवलं. मग जिल्हा परिषद सदस्याकडे गेला. तेव्हा सदस्य होते. चांगला माणूस, आमच्याच जिल्हा परिषद गटातून निवडून आलेला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, प्राथमिक केंद्राचं असतं तर उद्याच आरोग्य समितीत घेतलं असतं. ग्रामीण रुग्णालय आमच्याकडं नाही, ते सिव्हिल सर्जनकडं." गर्भारबाईला एका रात्रीत या तिन्ही दारांतून जावं लागतं, पण एकीकडे जिल्हा परिषद, दुसरीकडे राज्याचं आरोग्य खातं, आणि मधल्या रस्त्यावर काय झालं ते दोघांच्याही रजिस्टरात येत नाही. दोन्ही अधिकारी एका टेबलावर बसून त्या रात्रीचा हिशेब मांडतील अशी बैठक असावी, आणि तिथं भावासारख्या माणसाला खुर्ची असावी. मला हे फार मोठं मागणं वाटत नाही.

आता तर तो सदस्यही राहिला नव्हता. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला, निवडणुका वर्षामागून वर्ष लांबत राहिल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. ज्यांनी खर्च करायचा तेच मंजूर करणार. मी ओळखते त्यातले काही अधिकारी अतिशय प्रामाणिक आहेत. एकानं तर अचानक रात्री केंद्रांना भेटी देऊन मुक्कामी न राहणाऱ्यांना सरळ केलं. कामं काही ठिकाणी वेगानं झाली हे मी नाकारत नाही. पण आरोग्य समितीच नव्हती, सभागृह नव्हतं, प्रश्नोत्तरं नव्हती. आमच्या केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीचं अध्यक्षपद त्याच जिल्हा परिषद सदस्याकडे होतं. काकूंनी सही केली त्या पानावर अध्यक्षाच्या जागी एका अधिकाऱ्याची सही होती. फलकावर अजून जुन्या सदस्याचं नाव आहे. त्याला रस्त्यात कुणी औषधांबद्दल विचारलं तर तो हात जोडतो.

आपल्याच राज्यात याहून वेगळं घडलेलं मी पाहिलं आहे. २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे अशा पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं. पुण्याची 'साथी' संस्था राज्यभरचं समन्वयन बघत होती. गावात बसून लोकांना साधे प्रश्न विचारायचे. नर्सबाई येते का, औषध बाहेरून आणायला सांगतात का, बाळंतपणाला पैसे मागितले का. उत्तरांवरून हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा आणि तो तक्ता गावात लावायचा. मग जनसुनवाई. अशा एका सुनवाईला मी मागे बसले होते. मंगल कार्यालयाचा हॉल, सतरंज्या, वर फिरणारे पण वारा न देणारे पंखे, पोरांची रडारड. एक बाई उठली. माइक तोंडाला चिकटवून धरला होता, आवाज फाटत होता. बाळंतपणाच्या वेळी इंजेक्शन बाहेरून आणायला लावलं, त्याची पावती तिनं पदराच्या गाठीत जपून ठेवली होती. गाठ सोडायला तिला वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळा हॉल थांबला. व्यासपीठावरच्या अधिकाऱ्यांनी पावती हातात घेऊन वाचली. पैसे परत देण्याचा आदेश तिथंच झाला.

त्याच दुपारी दुसरंही बघितलं. एका केंद्रात दुसरा डॉक्टर नाही, लॅबवाला नाही, म्हणून लोक तिथल्या एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्यावर तुटून पडले. ती पदं भरणं त्याच्या हातात नव्हतं. तो उभा राहून ऐकत होता, उत्तर देत नव्हता, फक्त पेनचं टोपण उघड-मिट करत होता. भरती ज्यांच्या हातात होती त्यांच्यापैकी तिथं कुणीच नव्हतं. मला त्याची दया आली आणि बोलणाऱ्या लोकांचं बरोबर आहे हेही वाटलं. हे दोन्ही एकाच वेळी वाटणं अवघड असतं. तेव्हापासून, ज्याला उत्तर द्यायला उभं करतो त्याच्या हातात अधिकार किती, हे मी आधी बघते.

जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्यानं १९७० मध्ये काम सुरू केलं तेव्हाची हकीगत अनेकांना माहीत आहे: निरक्षर बायकांना शिकवून गावच्या आरोग्यसेविका केलं, बालमृत्यू खाली आले, जगभरातून लोक बघायला आले. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते गावातलं शेतकरी मंडळ आणि महिला मंडळ. पाण्याचं, पिकाचं, मुलांच्या खाण्याचं बोलणं तिथं एकत्र व्हायचं. जिथं माणसं बसलीच नाहीत तिथं समितीचा फलक रंगवून ती बसायला लागत नाहीत. पण सरकारी केंद्राला जामखेड करा असं म्हणणंही मला पटत नाही. ती संस्था ध्येयवेड्या माणसांनी उभी केली. सरकारी केंद्र उद्या बदलून येणाऱ्या, घरापासून दूर राहणाऱ्या, साध्या माणसांनी चालवायचं असतं. त्यांना ध्येयवेड लागण्याची वाट न बघता ते नीट चालायला हवं, आणि त्यासाठीच तर नियम, सभा, कोरम, इतिवृत्त.

म्हणजे फिरून मी त्या पानापाशी आले. बॅटऱ्या आवश्यक होत्या. डॉक्टरांनी निवड योग्य केली. पण अनुमोदक म्हणून जिचं नाव लिहिलं तिला काय हवं होतं, हे कुणीच विचारलं नव्हतं. तिला बॅटऱ्या नको होत्या असं नाही, तिला कदाचित त्याही हव्या असत्या. त्या पानानं काकूंकडून पैसा घेतला नाही, त्यांचं मत घेतलं नाही आणि घेतलं असं लिहून ठेवलं. गावाच्या कारभारात हा तोटा कुठल्याच ऑडिटला सापडत नाही. ऑडिटर सह्या मोजतो, त्या पुऱ्या भरतात.

दिवाळीत गेले तेव्हा मी काकूंना विचारलं, सभा झाली असती तर तुम्ही काय बोलला असता? त्या आधी हसल्या. "मी काय बोलणार त्या साहेबांच्यात?" मग भाकरी थापता थापता बोलायला लागल्या आणि थांबेनात. लसीकरणाच्या दिवशी पन्नास बायका पोरं घेऊन येतात, सावली फक्त पायरीपुरती. बायकांच्या संडासाला आतून कडी नाही, एकीनं आत जायचं तर दुसरीनं बाहेर राखण करायची. पाणी बादलीनं, आणि बादली ऑफिसात कुलपात. पहाटे पाचच्या गाडीनं वरच्या वाडीची माणसं येतात, डॉक्टर नऊला बसतात, तोवर म्हाताऱ्यांनी कुठं टेकायचं? साखरेच्या गोळ्या महिन्याच्या देतात पण दोन महिन्यांच्या दिल्या तर वरच्या वाडीच्या म्हाताऱ्यांची एक खेप वाचेल. मी डोक्यात हिशेब करत होते. कडी, एक बादली, दोन बाक, पत्र्याची शेड. अबंधित पैशात बसण्यासारखं. गोळ्यांचं तर पैशाशी कामच नाही, फक्त कुणीतरी सांगायला हवं.

"हे लिहून देऊ या," मी म्हणाले. काकूंना आधी ते भांडण काढल्यासारखं वाटलं. त्या डॉक्टरचं वाईट व्हायला नको, पोरगं चांगलंय, रात्री उठतं, असं दोनदा म्हणाल्या. मी सांगितलं, तक्रार नाही लिहायची, विषय द्यायचे सभेपुढे घ्यायला. सदस्य म्हणून तुमचा हक्कच आहे तो. मग त्या बसल्या. मी लिहिलं, त्यांनी प्रत्येक वाक्य परत वाचून घेतलं. 'गैरसोय होते' असं मी लिहिलं होतं, ते त्यांनी खोडायला लावलं आणि 'बायका पोट धरून बसतात, घरी जाईपर्यंत लघवीला जात नाहीत' असं घालायला लावलं. शेवटी त्यांनीच एक विषय जोडला: सभेचा सांगावा आठ दिवस आधी यावा आणि सभा बाजाराच्या दिवशी नको. डॉक्टरांनी अर्ज वाचला, दोनदा वाचला, आणि गोळ्यांचं त्याच दिवशी फार्मासिस्टला बोलावून सांगितलं. बाकीचं सभेत घेऊ म्हणाले. आवक क्रमांक पडला, पोच मिळाली.

सभा अजून लागलेली नाही. काकू आशाताईंना विचारत असतात, तारीख ठरली का म्हणून.